गरडीची माती

नजरबादची गरडी, म्हणजे कुस्तीची तालीम, बंद झाली, तेव्हा संकर्षणने तिथल्या आखाड्यातली मूठभर तांबडी माती डबीत भरून घरी आणली. आता कुस्ती सुटली, पोटही सुटलं. पण कंपनीची बस पकडायला पळण्याआधी तो चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि मनातल्या मनात मंजुनाथ वस्तादांच्या पाया पडतो. एवढ्या वर्षांत डबी रिकामी झाली नाही, ही वस्तादांचीच कृपा, असं तो बायकोला, सहनाला, सारखं ऐकवतो.

दसऱ्याला वस्ताद बेंगळुरूहून, लेकाकडून, आले. संकर्षणने डबी पुढे केली. वस्तादांनी माती हुंगली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अदे कणप्पा! हीच रे, तेल-हळद पाजलेली आपली माती! हिचा वास मी विसरेन होय?"

आणि त्यांनी सगळीच्या सगळी रुमालात बांधून घेतली. संकर्षणचं तोंड एवढंसं झालं.

"असू द्या हो," सहना म्हणाली. "वस्तादांची कृपा आहे नव्हे?"

मग ती रिकामी डबी घेऊन बाल्कनीत गेली, कढीपत्त्याच्या कुंडीला आज पहिल्यांदाच हात जोडले, आणि नेहमीसारखी तिच्यातली माती डबीत भरली.