उताराची बाजू

“लाल दिवा लागतो, पण ब्रेक धरत नाही,” निवृत्त मोजणीदार म्हणाला. “घाटात उभी केली आणि गेली घरंगळत, तर?”

मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला आणि त्याने गुडघे झटकले. “काका, हायब्रिड गाड्यांच्या या बटणाच्या पार्किंग ब्रेकबद्दल तक्रारी येतात खऱ्या. कुणाचा लागत नाही, कुणाचा सुटत नाही. पण तुमच्या गाडीत मला काही सापडेना.”

“सापडेल. शोध.”

ब्रेकला काहीच झालं नव्हतं, आणि ते मोजणीदाराइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बिघडले होते ते त्याचे डोळे. जिथे बघावं नेमकं तिथेच धुकं, आणि धुक्याच्या कडेकडेने जग शाबूत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, आता गाडी बंद. दात दाखवायला जातो असं सांगून तो तिथे गेला होता. घरी येऊन म्हणाला, दात ठणठणीत आहेत.

टेकडीवरचं हे घर त्याने आणि बायकोने मिळून उभं केलेलं. मुलाची एकच अट होती. “बाबा गाडी चालवताहेत तोवर राहा वर. मग माझ्याकडे, नवव्या मजल्यावर.” मुलगा प्रेमाने बोलायचा, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. ब्रेक नादुरुस्त होता तोवर गाडी न चालवायला कारण होतं, आणि घर सुरक्षित होतं.

बायकोला गाडी येत नव्हती. लग्नानंतर त्याने एकदा शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच वळणावर तो असा खेकसला, की ती दार उघडून उतरली आणि घरापर्यंत पायी आली. “तुमच्या स्टिअरिंगला पुन्हा हात लावला तर नाव बदलीन,” ती म्हणाली होती. आजवर नाव तेच होतं.

तिला संशयही आला नव्हता. उलट तीच मदतीला धावली. “खडखड कुठल्या वळणावर होते ते मला माहीत आहे,” म्हणत ती मेकॅनिकबरोबर गाडी फिरवून बघायला गेली. परतली तेव्हा तिचा श्वास फुलला होता.

“झाली खडखड?” त्याने विचारलं.

“झाली की! हा बिचारा घाबरलाच.”

मेकॅनिक कपाळ पुसत होता. “अजून बऱ्याच चकरा माराव्या लागतील, काका.”

हल्ली ती फार बोलकी झाली होती. “चहा ठेवलाय हं. उजव्या हाताला, कपाचा कान तुमच्याकडे आहे.” पेपरही मोठ्याने वाचायची. वय झालं की माणसाच्या तोंडाला काम लागतं, असं म्हणून तो मनात हसे, आणि आपली चोरी पचली म्हणून सुखावे.

मग स्वप्नं सुरू झाली.

साखरझोपेत त्याला गाडी दिसे. होडीची दोरी सुटावी तशी ती अंगणातून अलगद निघे आणि झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत जाई. बॅटरीवर असली की ती जागेपणीही आवाज करत नसे, स्वप्नात कुठून करणार? त्याची नजर तिथे लख्ख असे. पानापानावरचं दव दिसे. कधी खडी करकरल्याचा भास होई. डोळे उघडावेत तो बाहेर बायको कुंड्यांना पाणी घालत असे, आणि जास्तीचं पाणी अंगणातून फाटकाकडे पळत असे.

एका सकाळी तो गाडीला हात लावत पुढे गेला, तर गाडीचं नाक घराच्या पायरीपासून जेमतेम दोन पावलांवर. आदल्या संध्याकाळी मधून दुसरी गाडी सहज जाईल एवढी जागा होती. त्याने चाकाशेजारी खुणेला वीट ठेवली. दुसऱ्या दिवशी चाक विटेपासून हातभर पुढे होतं.

खोटं बोलावं आणि तेच खरं होऊन अंगणात उभं राहावं!

त्याने मेकॅनिकला फोन लावला. “अरे, ब्रेक खरंच सुटतोय.”

“खरंच म्हणजे?” मेकॅनिकने विचारलं. “मग आधी काय होत होतं?”

त्याने फोन ठेवून दिला.

बायको रोज त्याच अंगणात, गाडीला पाठ करून, कुंड्यांवर वाकते. गाडी आजच्या आज घालवायला हवी होती. गाडी गेली की घर गेलं. जाऊ दे. डोळ्यांचंही सांगून टाकायचं. शब्द जुळवत तो पायऱ्या उतरला आणि घराकडे पाठ करून गाडीसमोर अनवाणी उभा राहिला. टेकडीवरचं धुकं अंगणात आलं होतं. आतलं धुकं कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

मागून कुंड्यांचं पाणी आलं. टाचा भिजल्या, मग बोटं, आणि पाणी गाडीखाली शिरून फाटकाकडे गेलं.

त्याची हयात जमिनीचा उंचसखलपणा मोजण्यात गेली होती. हाताखाली नवा माणूस आला की तो पहिल्या दिवशी सांगायचा, यंत्र नंतर लावा, आधी पाणी कुठे जातं ते बघा.

पाणी फाटकाकडे जात होतं. गाडी घराकडे आली होती.

सुटलेल्या ब्रेकने गाडी चढ चढत नाही.

मग चाचपत त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसला. गुडघे स्टिअरिंगवर आपटले. बुडाखाली बाहेरच्या खोलीतली उशी होती. सीट सरकवायची पट्टी शोधायला त्याने खाली हात घातला.

कुंड्यांपाशी पाण्याचा आवाज थांबला.

“अहो, पलीकडे बसा,” बायको म्हणाली. “डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दात दाखवायला आज मी नेते. आणि ती सीट मागे सरकवू नका, मला पुढेच लागते.”