ओळख पटवणारी

संग्रहालयाच्या दारावर पहारेकऱ्याने हटकलं, तेव्हा मासेवाली म्हणाली, "मुलीचा डबा द्यायला आलेय." आत मुलीने तिच्यापुढे दोन बरण्या ठेवल्या. दोन्हींत एकेक मासा, दिसायला अगदी सारखे.

"आई, पुस्तकात दोघांची जात एकच दिलीय. तुला काय वाटतं?"

"पुस्तकवाल्याने कधी मासा कापलाय का? या दुसऱ्याला कापताना मानेपाशी सुरी अडते. हा वेगळा."

मुलीने दोन्ही मासे कापून पाहिले. दुसऱ्याच्या मानेत एक हाड जास्त होतं.

वर्षभराने तिने आईला पुन्हा बोलावून घेतलं आणि बरणीवरची नवी चिठ्ठी वाचून दाखवली.

कुल: तेच.
जाती: नवी.
ओळख पटवणारी: इथे मासेवालीचं पूर्ण नाव होतं.
साहाय्यक: इथे मुलीचं.

मासेवालीने कोरडेच हात दोनदा पुसले आणि मगच बरणीला बोट लावलं.

बाहेर पडताना पहारेकरी म्हणाला, "झाला का डबा देऊन, मावशी?"

"डबा कसला? ती पोरगी माझ्या हाताखाली काम करते."