दोन फुटांची टाकी

"हा पिवळा द्या," काचेवर बोट ठेवून राखी म्हणाली.

"नाही देत," उदयसिंग म्हणाला. खाऱ्या पाण्यातले मासे ठेवणारं वाशिमात त्याचं एकट्याचंच दुकान, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची चैन त्याला परवडायची. "तुमची टाकी दोन फुटाची. हा वाढला म्हंजे त्याले वळाले जागा नाही राहत. आन् आतमंदी आधीचं कोन हाय?"

"निळा डॅमसेल."

"मंग तं झालंच! बोटाएवढा जीव, पन तोरा जावयाचा. मागचा मासा त्यानंच मारला ना?"

राखीने काचेवरचं बोट काढून घेतलं. तसा मारला नव्हता. नुसता कोपऱ्यात दाबत नेला, दाण्यापर्यंत येऊ दिलं नाही. चार दिवसांत तो आपणहून गेला.

मागे स्टुलावर तिची सासू पंचफुलाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि गुडघ्याचं तेल. तिच्या गावची, रिठदची बस तासाभराने होती. सासरे पुंजाजी गेल्यावर मुलाने, प्रज्वलने, आईला आपल्याकडे आणलं त्याला महिना होत आला होता आणि आज सकाळी ती म्हणाली होती, "मी जातो बापा माह्या घरी." प्रज्वल कामावर, म्हणून स्टँडवर सोडायला राखी निघाली होती. वाटेतल्या या दुकानात ती मुद्दामच शिरली. तेवढाच उशीर.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. राखीला ही बाई घरात हवी होती, अगदी मनापासून, आणि आपलं काय चुकलं तेच तिला कळत नव्हतं.

उदयसिंगने वाळूत अर्धा रुतलेला एक मासा दाखवला. करंगळीएवढा, मातकट, डोळे मोठे. "हा गोबी न्या. गरीब हाय. भांडत नाही, खाली वाळूत पडून राह्यते."

"डॅमसेल याले जगू देईन का पन?"

"काहून नाही देनार? तो काही वाईट नाही. पुरी टाकी त्याच्या वळखीची हाय, एवढंच. हरेक दगड त्याचा. नवा आलेला कुठंबी बसो, त्याच्याच जागेवर बसते." उदयसिंगने प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरलं, मासा सोडला, तोंडाला रबर लावलं. "गोबी सोडाच्या आंधी सारे दगड हलवा. दुसरीकडं लावा. मंग दोघंबी नवीन."

राखीने वळून सासूकडे पाहिलं. म्हातारी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आई, आंधी घरी जाऊन मासा सोडू, मंग स्टँडवर जाऊ. पिशवीत गुदमरन तो."

"जिवाचा मामला हाय," पंचफुलाबाई लगेच उठली. "चाल."

घरी येऊन राखीने टाकीचा दिवा बंद केला, माशाची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, बाह्या सरसावल्या. मग थांबली.

"दगड तुमी लावा."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"माह्या हाताले सवय झाली. माह्याकडून परत तसेच लागतीन."

महिनाभरात पंचफुलाबाईने या घरातल्या एकाही वस्तूला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. तिने पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एक दगड इकडे, एक तिकडे, एक मागे. वर एक चपटा. राखीला हसू फुटलं. सासूने टाकीत चूल मांडली होती.

"हसतं कायले? मले दुसरं मांडता येते कुठं?" म्हणत म्हातारीही हसली.

गोबी सुटला तो थेट खाली गेला आणि चुलीच्या तोंडात शिरून बसला. डॅमसेल तणतणत आला. इकडे फिरला, तिकडे फिरला, त्याला आपला दगड सापडेना. शेवटी तोही नव्या भाडेकरूसारखा एका बाजूला उभा राहिला. दोघी बराच वेळ बघत होत्या.

"चाल आता," पंचफुलाबाईने पिशवी उचलली. "बस जाईन."

राखी उठली, पण दाराकडे गेली नाही. ती स्वयंपाकघरात गेली. वरच्या फळीवरचे डबे उतरवले, मग खालच्या फळीवरचे, मग बरण्या, मग ताटवाट्या. ओटा भरला तशी ती जमिनीवर ठेवू लागली.

"काय करून राह्यली वं?" सासू दारात येऊन उभी राहिली.

"कुठं काय ठेवाचं ते आता तुमी सांगा," राखी म्हणाली. "मी लावतो."

पंचफुलाबाई त्या पसाऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने पिशवी भिंतीशी टेकवली, वाकून चहापत्तीचा डबा उचलला आणि सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला.

"तुमी तं म्हनत होत्या, दुपारचा चहा लागत नाही?"

"लागते वं," म्हातारी म्हणाली. "वर हात पुरत नव्हता माहा."