पिवळा झेंडा

भंडारदऱ्याजवळच्या वाडीत म्हाताऱ्याचं प्रेत सकाळपासून अंगणात खोळंबलं होतं. एकुलता लेक कानिफ एका परदेशी शेठच्या नौकेवर खलाशी. नौका पहाटेच मुंबईला लागली होती. “आई, पिवळा झेंडा लावलाय,” तो फोनवर म्हणाला. पिवळा म्हणजे खंडोबाचा. म्हाताऱ्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, भावकीला बजावलं, “देव पावला, थांबा. लेक निघालाय.” ऊन कलल्यावर, म्हाताऱ्यानं ज्याला हयातभर उंबरा चढू दिला नव्हता, तो मुंबईच्या गोदीत राबून आलेला पुतण्या हसला. “काकू, कस्टमवाले सोडत न्हाईत तवर तो झेंडा असतो. कुणी उतरायचं न्हाई.” तिनं लेकाला व्हिडिओ कॉल लावला. नौकेच्या फळीवरून कुणीतरी धक्क्यावर उतरत होतं. “आला,” ती म्हणाली. शेठचं कुत्रं होतं. “त्याचे कागद पुरे हायेत,” कानिफचा आवाज आला. “माझा शिक्का उद्या मारत्यात.” दगडाबाईनं मोबाईल पालथा ठेवून विस्तवाचं मडकं पुतण्यापुढं धरलं. तो केव्हाचा ओलेत्यानं उभा होता.