चोंबडा ब्राउझर

"हा वाऱ्यासारखा पळतो, पण चोंबडा आहे," लेक म्हणाली. "तुम्ही काय काय बघता, सगळं लक्षात ठेवतो."

नव्या कॉम्प्युटरवर तिने तीन ब्राउझर बसवून दिले होते. दुसरा जरा सुस्त, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिसरा फक्त बँकेच्या कामापुरता. रोजच्यासाठी पहिल्या दोघांतला कुठला, एवढंच ठरायचं होतं.

"दुसराच," बाबा घाईघाईने म्हणाले. "परक्याने आपलं ऐकत बसायचं म्हणजे काय!"

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते.

काय दिवस होते ते! कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. दुकान बंद करायच्या वेळी औषधवाल्याची मुलगी मैत्रिणीचा नंबर मागायची. नंबर जोडला की ऑपरेटरने ऐकायचं नाही, असा नियम. बाबांचा कान काही निघत नसे. मुलगी भरभरून बोलायची. निळा रंग आवडतो, फुशारक्या मारणाऱ्यांचा तिटकारा येतो, रविवारी नदीकाठच्या बाकावर वाचत बसते. मैत्रीण बिचारी मुखदुर्बळ, 'हॅलो'नंतर चकार शब्द काढत नसे. एकदा बाबांना शिंक आवरली नाही. पण मुलीने मैत्रिणीलाच वाफ घ्यायला बजावलं, आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

मग एका रविवारी निळा शर्ट घालून, मोजकंच बोलायचं ठरवून, ते त्या बाकावर जाऊन बसले. पुढे लग्न झालं.

"माझ्या मनातलं यांना न सांगता कळतं," असं आई अजूनही चारचौघांत कौतुकाने सांगायची. दरवेळी बाबा विषय बदलायचे. खरं कळलं तर ही आपलं तोंडही बघणार नाही, या धास्तीतच त्यांनी सगळा संसार केला होता.

"आई, तुला कुठला हवा?" लेकीने विचारलं.

आईने पदराने चष्मा पुसला. "चोंबडाच असू दे."

"अगं, तो सगळं ऐकतो!" बाबा कळवळले.

"ऐकू दे की. परवा लोकर शोधली, तर लगेच विणायच्या सुया पुढे केल्या त्याने. मागाव्या लागल्या नाहीत."

लेक हसायला लागली. "आई, कमाल आहे तुझी! मध्ये कोणी ऐकतंय हे माहीत असून इतकं मोकळं राहता येतं?"

"मला सवय आहे," बाबांकडे बघत आई म्हणाली. "माझी मैत्रीण 'हॅलो' म्हणून फोन टेबलावर ठेवायची आणि खुशाल आपल्या कामाला निघून जायची. आमचं ठरलंच होतं तसं."