हाताने लिहिलेली सहा पानं

प्रेमराजला पान सापडत नव्हतं. त्याने पुस्तक तिसऱ्यांदा मागून पुढे चाळलं. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"कोठे शे भो तुना नियम?" भूषणने लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं. चिडवायचं असलं की तो अहिराणीवर यायचा.

"थांब ना. इथंच कुठंतरी असणार."

स्वयंपाकघरात चहा गाळणारा सुनंदाबाईंचा हात थांबला. प्रेमराज काय शोधतोय ते त्यांना माहीत होतं. ते त्या पुस्तकात नाही, हेही माहीत होतं.

भूषण त्यांचा मुलगा. प्रेमराज पाचोऱ्याहून यायचा, मोईज नशिराबादहून. चौदाव्या वर्षापासून रविवारी दुपारी तिघे पुढच्या खोलीत तो खेळ मांडत आले होते. कल्पनेतल्या राज्यात प्रत्येकाने एक वीर व्हायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पुस्तकातल्या नियमाने जगायचं-मरायचं. मध्ये नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. रविवार फारसा मोडला नाही.

आता भूषणला त्या खेळाची नवी, पाचवी आवृत्ती हवी होती. तिच्यात सगळ्या बेरजा कॉम्प्युटर करतो, आपापल्या घरून खेळता येतं. प्रेमराजला शुगर, मोईजचा खांदा वेल्डिंगच्या कामाने धरलेला. दर आठवड्याला ही दगदग कशासाठी? चूक काय होतं त्यात? थकले तर सगळेच होते. सुनंदाबाईही थकल्या होत्या. पण रविवारी दारात परक्या चपलांचे दोन जोड दिसायचे. बाकीचे सहा दिवस घरात टीव्हीच तेवढा बोलायचा.

"तुझ्या पाचवीत कोणी मरतच नाही," प्रेमराज म्हणाला. "एक रात्र झोपले की बठ्ठ्या जखमा भरल्या! असं असतं का कुठं?"

"आणि तुझ्या दुसरीत चिलखत जेवढं भारी, तेवढा आकडा लहान. वजाबाक्या करेपर्यंत राक्षस म्हातारा व्हायचा."

"तिसरीचं तर नावच नको," मोईज खांदा चोळत म्हणाला. "दार उघडायचं म्हटलं तरी तक्ता बघा."

"पण पडलेल्याला हाक मारून उठवायचा नियम दुसरीतच आहे," प्रेमराज हट्टाने म्हणाला. "तेवढ्या एका नियमासाठी मी पाचोऱ्याहून उभ्याने येतो."

मागच्या रविवारी त्या नियमावरच पैज ठरली होती. प्रेमराजने दुसऱ्या आवृत्तीचं अस्सल पुस्तक मागवायचं. नियम दाखवला तर खेळ इथेच, जुन्याच पद्धतीने. नाही दाखवला तर पाचवी, ज्याच्या त्याच्या घरून. इतकी वर्षं त्यांनी झेरॉक्सवर काढली होती.

ती झेरॉक्सही पुरती झाली नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी सुनंदाबाईंचा पुण्याचा भाचा ते पुस्तक घेऊन आला. दोन दिवस त्यांच्याकडे ठेवून भुसावळला गेला. परतीच्या गाडीला जळगाव स्टेशनवर, खिडकीतून ते त्याला द्यायचं होतं. झेरॉक्सवाल्याची लाइट गेली आणि शेवटची सहा पानं राहिली. सुनंदाबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पोरांना इंग्रजी जड जायचं. त्यांनी फुलस्केप घेतले आणि सरळ मराठीत उतरवायला बसल्या.

पाच पानं इमानाने उतरवली. सहाव्यावर पेन अडलं.

भाचा आला त्या रविवारी त्याने पोरांना खेळ शिकवला, आणि तो निघता निघता मोईजचा वीर, शमशेर, पुलाखाली पडला होता. पडलेल्याचं काय होतं, ते पान बघून ठरणार होतं. पानावर दोनच वाक्यं होती. तो मेला. खेळाडूने नवा वीर तयार करावा.

मोईज पायरीवर पिशवी घेऊन बसला होता. पुस्तक सायकलवरून स्टेशनवर न्यायचं काम त्याने मागून घेतलं होतं. त्याची अम्मी, कनीज, जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. धड बोलतानाही नाही.

सुनंदाबाईंनी लिहिलं, "पडलेला वीर मेलेला नसतो. सोबत्यांनी त्याला नावाने हाक मारावी आणि आपल्या बळातला एकेक अंश द्यावा. म्हणजे तो उठतो."

"नाही ना सापडत?" बाहेर भूषण म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, नुसता थकवा होता. "मग ठरलं. पाचवी."

सुनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"शोधू नको, प्रेमराज. तो नियम पुस्तकात नाही. मी मनाने लिहिला होता."

प्रेमराजने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "काकू, सत्तावीस वर्षं मी ह्याच्यावरून भांडतोय!"

"खोटंच लिहिलं मी," त्या म्हणाल्या. "तुमचा खेळ बिघडवला."

भूषणने लॅपटॉप पुढे सरकवला. "बरं, मोईज, तुझा ईमेल सांग. पाचवीत नाव घालतो."

"नको," मोईज म्हणाला. "आपली जुनीच बरी."

"अरे, नियमच नाही म्हणतेय ना ती!"

मोईजने कप उचलला. बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

"पुस्तक स्टेशनवर कोणी नेलं होतं? गाडी दीड तास लेट होती. शमशेरचं काय होतं ते बघायला मी पान उघडलं. तेवढं इंग्रजी येत होतं मला."

"म्हणजे तुला तेव्हापासून...?" सुनंदाबाईंनी विचारलं. "मग बोलला का नाहीस रे?"

"बोलणार होतो, काकू. रविवारी तेच सांगायला आलो होतो, की शमशेर मेला, आता मी काही येत नाही." त्याने बशी खाली ठेवली. "पण तुमच्या पानावर होतं, वीराला नावाने हाक मारा. आणि या दोन येड्यांनी शमशेर म्हणायचं सोडून हाक मारली, 'मोईज, ऊठ.'"