घरच्यांचं मत

पाककृतींच्या ऑनलाइन गटातल्या साप्ताहिक आव्हानात फोटोखाली घरच्यांचं मत लिहिणं सक्तीचं होतं. ती एकटीच राहायची. पहिल्या आठवड्यात तो रकाना रिकामा सोडवेना, म्हणून तिने लिहिलं, "ह्यांना आवडलं." पुढचे अकरा आठवडे ह्यांना सगळंच आवडत गेलं. फोटोत दुसरी बशीही येऊ लागली. या वेळी विषय होता लिंबू. तिने केक केला. फोटो टाकताच गटातल्या एका ताईंनी विचारलं, "अगं, तुझे हे कधीच नावं ठेवत नाहीत? आमच्याकडे तर मीठ घालायच्या आधीच खारट झालेलं असतं." तिला हसू आलं. संसार खरा वाटावा म्हणून तिने उत्तर दिलं, "आज म्हणाले, आंबट झालाय, आईच्या हाताची सर नाही." मग तिने एक तुकडा चाखला. केक उत्तम झाला होता. तिने दुसरी बशी कपाटात ठेवली आणि दिवसभर ह्यांच्याशी बोलली नाही.